वाढत्या अंगाची सीट

समोर टेम्पो आडवा आला तसा किशोरनं करकचून ब्रेक दाबला. गाडी अजून मारुंजीतल्या त्यांच्या गल्लीतच होती. मागं बसलेल्या त्याच्या बायकोचा, वैष्णवीचा हात आपसूक लेकीकडं गेला. दहा महिन्यांची जुईली लहान मुलांच्या सीटमधून खाली घसरली होती आणि खांद्यावरचा पट्टा तिच्या गळ्याला लागला होता. पोर कळवळून रडायला लागली.

ही सीट सासऱ्यांनी, विठ्ठलरावांनी आणली होती. नव्या गाडीत नात बसणार म्हणून ते स्वतः पुण्याला गेले आणि दुकानातली सगळ्यांत मोठी सीट घेऊन आले. "वाढत्या अंगाची घेतलीय," असं येईल त्याला सांगत होते. भावकी कौतुकानं बघून गेली. खोक्यावर चांगल्या चार वर्षांच्या मुलाचं चित्र होतं. ते वैष्णवीनं पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. पण विठ्ठलरावांची निवड चुकली, असं म्हणायची त्या घरात कुणाची छाती नव्हती.

"घे मांडीवर अन् चल. आमची पोरं न्हाई का वाढली?" विठ्ठलरावांची बहीण रत्नाबाई शेजारून म्हणाली. जेजुरीला उशीर होत होता. मागं पाहुण्यांची जीप हॉर्न वाजवत होती.

वैष्णवीनं जुईलीला सोडवून छातीशी धरलं.

"आबा, ही सीट जुईलीच्या मापाची न्हाई," ती सासऱ्यांना म्हणाली. "आन् मांडीवर घिऊन मी तिला न्यायची न्हाई."

पुढं बसलेले विठ्ठलराव खाली उतरले. त्यांनी मागचं दार उघडलं. नातीच्या गळ्यावर पट्ट्याचा लाल वळ उठला होता. त्यावरून त्यांनी हलकेच अंगठा फिरवला.

"तुला आदीच कळलं हुतं?"

"व्हय."

"मंग बोलली का न्हाईस?"

वैष्णवीनं मान खाली घातली. मग त्यांनी जीपला पुढं जायला सांगितलं. रत्नाबाई जुईलीला घेऊन चालतच घरी परतली.

"देव काय कुटं पळून जात न्हाई," विठ्ठलराव किशोरला म्हणाले. "गाडी पुण्याला घे."

चारचौघांत आपण त्यांचा मान घालवला, हेच वाटभर वैष्णवीच्या मनाला लागून राहिलं.

दुकानदारानं सीट ओळखली. "काय साहेब, खराब निघाली का?"

विठ्ठलरावांनी टोपी सारखी केली आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "सीट चांगली हाय. आमच्या सुनंनं नापास केली. आता मला काय दावू नका, तिला दावा."