परत आलेली कॉट

टेम्पोतून कॉट उतरली तशी मंदाकिनीने काही न विचारता रेवतीताईंच्या हातात पाण्याचा ग्लास दिला. महिला क्लबच्या रुग्णसाहित्य केंद्राचा तो नियमच होता. सामान परत आणणाऱ्याला पेशंटचं काही विचारायचं नाही, आधी पाणी द्यायचं. नियम रेवतीताईंनीच घातलेला. तो मोडला म्हणून एकदा त्यांनी अध्यक्षबाईंनाही सुनावलं होतं.

ही कॉटसुद्धा त्यांनीच, क्लबच्या बायकांबरोबर दिवाळीत चकल्या विकून केंद्रासाठी घेतलेली. शेवटी तिच्यावर त्यांचे यजमानच झोपून होते. काल त्यांचं तेरावं झालं.

पाणी पिऊन त्या उठल्या आणि फडकं घेऊन सवयीने कठडे पुसू लागल्या. आता तरी त्या रडतील, असं मंदाकिनीला वाटत होतं. त्यांना रडू आलं नाही.

दारात एक तरुण माणूस थांबला होता. वडिलांना आजच हॉस्पिटलातून घरी आणायचं म्हणत होता.

"हे हँडल अडकतं," रेवतीताई त्याला म्हणाल्या. "जरा उचलून फिरवा, म्हणजे डोक्याकडची बाजू वर येते. पण हळू. झटका बसला की त्यांना दुखतं."

"तुमच्याकडेच होती का ही? बरं वाटलं का पेशंटला?"

मंदाकिनीने मान खाली घातली.

"हो," रेवतीताई म्हणाल्या.

त्याचा चेहरा उजळला. "मग हीच द्या. चांगल्या पायगुणाची दिसतेय."

रेवतीताईंनी कॉटची डोक्याकडची बाजू धरली. टेम्पो अजून दारातच उभा होता.