लाँचखाली

नाव उलटल्याचं कळलं तेव्हा अभिमन कपाशी निंदत होता. अठ्ठ्याऐंशी सालचा भाद्रपद, धरण काठोकाठ भरलेलं. तो धावत काठावर आला. नावेतली माणसं ओल्या कपड्यांनी बसली होती. त्यांत त्याची बायको प्रमिलाबाई नव्हती.

तिसऱ्या दिवशी नौदलाचा पाणबुड्या आला. धनसिंग, मूळचा नरडाण्याचा. पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून तो खाली गेला. खाली नौदलानंच मोडीत काढलेली एक जुनी लाँच होती. माशांना थारा व्हावा म्हणून मच्छीमार सोसायटीनं ती दगड भरून बुडवली होती.

धनसिंग वर आला. तोंडातली नळी काढून म्हणाला, "आबा, अक्का सापडनी. लाँच कलंडेल शे. तिना खाले अडकेल शे."

"काढ मग."

"निंघत नही. लई वढी पाह्यं. आते उन्हायामा पानी उतरी तवयच."

सवाष्ण गेली की भावानं आणलेली हिरवी साडी नेसवून तिला चितेवर ठेवायचं. प्रमिलाबाईचा भाऊ रतिलाल पारोळ्याहून साडी घेऊन आला होता. पिशवी मांडीवर धरून बसला होता. अभिमननं ती पिशवी ओढून घेतली आणि साडी धनसिंगपुढे धरली.

"लई जा. आंगवर टाक तिना."

"दाजी, डोकं फिरनं का?" रतिलाल ओरडला. "पानीमा कसानी साडी?"

"तुनी बहीनले तशीच ठेवू का मी?"

 सुका नावाचा मच्छीमार उठला. त्यानं आपल्या जाळ्याची शिशाची वजनं सोडली आणि साडीच्या चारी टोकांना एकेक बांधलं.

धनसिंग साडी छातीशी धरून पाण्यात गेला. बुडबुडे पुढे पुढे सरकत गेले, मग बराच वेळ एकाच जागी येत राहिले. अभिमन त्या जागेवरून नजर काढेना.

धनसिंग वर आला.

"टाकी दिधी, आबा."

"तोंडवर बी?"

"हो. तोंडवर बी." हे त्यानं अभिमनकडे न बघता सांगितलं.

लोक उठून आपापल्या घरी गेले. उन्हाळा लांब होता. अग्नी द्यायचा राहिला.