हिरवा वाटा

"काळीत डवरा काऊन नाई फिरवून राह्यले?" अनुसयाबाईनं नवऱ्याला पुन्हा विचारलं. "तण कमरेले लागलं. लोकं हसून राह्यले."

"हसू दे," चंद्रभान म्हणाला आणि शेणखताची पाटी त्यानं पश्चिमेच्या तासात उलटी केली.

वावर एकच होतं, देवळीच्या रस्त्याला लागून. वरून सगळं सारखंच काळं दिसायचं. पण पश्चिमेच्या अर्ध्यात वीतभर खाली मुरूम होता आणि पूर्वेच्या अर्ध्यात पुरुषभर काळी माती. हे नांगर धरणाऱ्यालाच ठाऊक, आणि नांगर आजवर चंद्रभाननंच धरला होता. बापानं हे वावर घेतलं तेव्हा धाकटा गुलाब हिंगणघाटला गिरणीत लागलेला होता.

बाप उन्हाळ्यात गेला. जाताना नाव घेतलं ते गुलाबचं. गुलाब उगवला तो तेराव्याला, टेरिलीनचा शर्ट घालून, आणि पानावरून उठता उठता म्हणाला, "भाऊ, माहा हिस्सा पाह्यजे." ते वाक्य आठवलं की चंद्रभानच्या कानशिलातली शीर अजूनही उडायची.

अण्णाजी पाटलांनी गावच्या रीतीनं निवाडा दिला. मोठ्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी निवडायचं. कापूस फुटला की निवड, आणि ज्याचा वाटा त्याचीच वेचणी.

चंद्रभाननं वावराच्या मधोमध धुरा, म्हणजे बांध, टाकला आणि मनाशी ठरवलं. गिरणीतल्या माणसाला वरचं हिरवंच कळणार. मग त्याला हिरवंच दाखवायचं. खत, युरिया, निंदण, सगळं पश्चिमेच्या मुरमाला. काळीतली पऱ्हाटी, कपाशीची झाडं, तणाखाली पिवळी पडत गेली. तिच्या कडेनं जाताना त्याचे हात शिवशिवायचे, आणि हात शिवशिवले की राग आणखी चढायचा. त्या टेरिलीनवाल्यामुळं चांगल्या मातीला उपाशी ठेवावं लागत होतं.

पाऊस सरला आणि खरी कसोटी लागली. मुरमात ओल टिकत नाही. बोंडं फुटायच्या आत पानं लाल पडली असती तर सगळं सोंग उघडं पडलं असतं. चंद्रभान विहिरीवरून कावडीनं पाणी वाहू लागला. खांद्याला घट्टा पडला. रोज तो बोंडं चाचपून पाही.

"अजून दगडच हायेत. फुटत काऊन नाईत?"

"तुमी डोळे वटारले म्हणून फुटतीन का?" अनुसयाबाई म्हणाली. तिला त्यानं बेत सांगितला नव्हता. तिच्या चेहऱ्यावर काही लपत नसे. "लहान्यावरचा राग त्या काळीवर काऊन काढता? तिनं काय केलं तुमचं?"

"तू घरी जाय," तो ओरडला.

दिवाळीच्या तोंडावर बोंडं फुटली. पश्चिमेकडं हिरव्या पानांतून पांढरा कापूस लोंबू लागला. पूर्वेकडं तणातून कुठं कुठं एखादं बोंड डोकावत होतं. अनुसयाबाई सीतादहीसाठी, पहिल्या वेचणीआधीच्या पूजेसाठी, दहीभात घेऊन आली. अण्णाजी आले. गुलाब बसमधून उतरून सरळ धुऱ्यावर येऊन उभा राहिला.

"बोल गुलाब," अण्णाजी म्हणाले. "पह्यला हक्क तुहा."

गुलाब पश्चिमेकडं बराच वेळ पाहत राहिला. चंद्रभाननं मान खाली घातली, ओठांवरचं हसू दिसू नये म्हणून.

"एवढं पाणी कोनं वाह्यलं, भाऊ?"

"कोन वाहीन? तू आलता का हिंगणघाटहून?"

भावाच्या खांद्यावरचा घट्टा गुलाबनं पाहिला. मग चपला काढून धुऱ्यावर ठेवल्या आणि तो अण्णाजींकडं वळला.

"याईच्या घामाचं मी कसं घेऊ, अण्णाजी? हिरवं भाऊले राहू द्या. मी तणातलं घेतो."