तिसरा रकाना

तीस वर्षं मी बसचं बॉनेट न उघडताच दुखणं सांगत आलोय. ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते, अशी तक्रार ड्रायव्हरने चौथ्यांदा केली, तेव्हा म्हणालो, "गाडी नाही, तुला बायको ओढतेय घरी." गॅरेज हसलं. साहेब म्हणाले, "आजही दोष निघाला नाही, तर हा कामचुकार उद्यापासून घरीच." ड्रायव्हर दमलेल्या आवाजात म्हणाला, "काका, एकदा शेजारी बसून बघा." बसलो. त्याने पाण्याने भरलेला पेला हातात दिला. दोनदा ब्रेक मारला, पाणी नुसतं पुढे हललं. तिसऱ्यांदा बाजूला उसळलं, माझी विजार भिजली. चाकं खोलली, तासभर शोधलं, काही सापडलं नाही. तपासणीच्या वहीत दोनच रकाने: दोष आहे, दोष नाही. दोन्ही सोडून लिहिलं, "कळलं नाही. गाडी सोडू नका." साहेब वैतागले, "असा रकाना नाही." "मग आखा."