ऐकण्याची परवानगी

"दादा, मी गोळ्या घेतल्यात. आता कुणाला बोलावू नकोस."

हेडफोन लावून बसलेल्या हवालदार कुंदा तुपे ताठ झाल्या. घातपाताचा संशय असलेल्या मयूरेशचा फोन त्या सरकारी आदेशानुसार महिनाभर ऐकत होत्या. त्याची बहीण रेवती साताऱ्यात एकटी राहायची. तो दूर सिलिगुडीत होता, आणि शेजाऱ्यांचा नंबरही त्याच्याकडे नव्हता. "फोन ठेवू नकोस गं," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

"साहेब, साताऱ्याला कळवते. तिचा पत्ता आहे आपल्याकडे."

"कळवलंत तर आपण ऐकतोय हे त्याच्या लक्षात येईल," निरीक्षक म्हणाले. "त्याचे साथीदार अजून मोकळे आहेत. उद्या कुठे स्फोट झाला तर?"

रेवतीचा आवाज जड होत चालला होता. कुंदाताईंनी साताऱ्याच्या पोलिसांना फोन लावला.

थोड्या वेळानं हेडफोनमध्ये दार तोडल्याचा आवाज आला. पोलीस इतक्या लवकर कसे पोहोचले, हे मयूरेशला उमगलं असावं. त्याचा फोन एकदम बंद झाला. रेवती वाचली. तो मात्र पसार झाला.

कुंदाताईंची चौकशी लागली. वरिष्ठांनी विचारलं, "देशापेक्षा ती मुलगी मोठी वाटली तुम्हाला?"

"तिच्यावर कसलाच आरोप नव्हता, साहेब. तरी महिनाभर मी तिचं रडणं ऐकत होते. तेव्हा मला कुणी अडवलं नाही."

वरिष्ठांनी हे वाक्य जबाबात घेतलं नाही.