सही कुठं आहे

“लेकीचं मागून सांग. आधी सांग, तुही सही कुठं हाये?”

गीता मॅडमचा हा फोन प्राचीला इस्पितळात आला होता. लेकीला न्यूमोनिया झालेला, इवल्या नाकाला नळी लावलेली, आणि या बाईला सहीची पडलेली! गीता मॅडम म्हणजे बालाघाटच्या महिला-बालविकास जिल्हा कार्यालयातल्या पहिल्या महिला अधिकारी. प्राची आज ज्या खुर्चीवर होती, तिच्यावरूनच त्या निवृत्त झाल्या होत्या.

“सही कार्यालयातच आहे. मधुकररावांजवळ,” प्राची तुटकपणे म्हणाली.

“घेऊन घे बाई. आजच घे.”

प्राचीनं फोन ठेवला. सासूला म्हणाली, “खुर्ची सुटली तरी हौस सुटली नाही बाईंची.” शेवंताबाई नातीचे पाय चोळत होत्या.

लेक बरी होऊन घरी आली आणि प्राची कामावर परतली. त्याच सकाळी संघमित्रा न विचारता आत शिरली. ही हट्टा गावाकडची अंगणवाडी पर्यवेक्षिका. कडेवर तान्हं बाळ, पायांवर रस्त्याची लाल धूळ.

“मॅडम, तुम्ही साहेब झाल्या तवा आम्ही बायांनी पेढे वाटले. बाई आली, आता आपलं कोणी ऐकीन म्हटलं. अन् तुम्ही मले उकव्याच्या पल्याड फेकलं? बस जिथं सोडते तिथून जंगलातून पायी जा लागते. तुमचं ते लेकरू, अन् माहं काय मांजरीचं पिल्लू हाये?”

“कोणी केली तुझी बदली?”

“वा! मलेच विचारता? सही तर तुमची हाये.”

लेकीच्या आजारपणाच्या आधीच्या बैठकीत हीच बाई सगळ्यांसमोर उभी राहिली होती. लेकरांच्या आहाराची पोती केंद्रावर अर्धीच पोचतात, असं तिनं स्पष्ट सांगितलं होतं. चौकशी करते, असा शब्द प्राचीनं दिला होता. त्याच संध्याकाळी लेकीला ताप भरला.

आता सही कागदावर होत नाही. बोटभर लांबीची एक वस्तू असते, पेनड्राइव्हसारखी. ती संगणकाला लावायची, पिन टाकायचा, झाली साहेबाची सही. कित्येक साहेबांच्या त्या वस्तू बाबूंजवळच असतात. त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. इस्पितळात जाताना प्राचीला रीतसर प्रभार, म्हणजे खुर्चीचा ताबा, दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यायचा होता. कार्यालयाचे बडे बाबू, मुख्य लिपिक मधुकरराव तेव्हा किती मायेनं म्हणाले होते, “प्रभार कशाले देता मॅडम? एकदा दिला का खुर्ची वापस भेटत नाही. सही ठेवून जा, मी पाहून घेतो.” तिनं ठेवली. पिनही सांगितला. लेकीची जन्मतारीख.

‘मी नाही केली सही,’ हे तिच्या अगदी तोंडाशी आलं. पण मग केली कोणी, आणि आपण या खुर्चीवर कशाला बसलो आहोत? शब्द गिळून तिनं घंटी वाजवली.

मधुकरराव हसत आत आले. “बेबी कशी हाये मॅडम? अजून आराम कराचा ना.” मग त्यांची नजर संघमित्राकडे गेली. “ही काहून आली इथं?”

“माझी सही कुठं आहे?”

त्यांनी खिशातून जुडगा काढला. स्कूटीच्या किल्लीशेजारी प्राचीची सही लोंबत होती.

“हिची बदली मला न विचारता केलीत? मी वर कळवणार आहे.”

“कळवा ना. पण रागावू नका, इथं आल्या त्या आमच्यामुळंच,” मधुकरराव समजावणीच्या सुरात म्हणाले. “सरकारनं ठरवलं, वरच्या जागांवर बाया वाढवा. वरून आम्हाले विचारलं, बाई चालन का? आम्ही म्हटलं, हौ, बाईच द्या. फक्त अंगावर पिणारं लेकरू असलेली द्या.”

घरी भिंतीवर तिच्या नियुक्तीची बातमी चौकटीत लावलेली होती. जिल्ह्याला कर्तबगार महिला अधिकारी.

प्राची उठली. तिनं त्यांच्या हातातून जुडगा ओढला, आपली वस्तू काढली, किल्ली टेबलावर आपटली. वस्तू संगणकाला लावली. पिन दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला. तिनं आधी पिन बदलला, मग संघमित्राची बदली रद्द केली. या खुर्चीवर आल्यापासून, बाबूंनी पुढ्यात न ठेवता, तिनं स्वतःच्या मनानं केलेली ही पहिली सही.

“पोती कुठं जातात तेही आता मीच पाहणार आहे,” ती म्हणाली. मधुकररावांचं हसू तेव्हा कुठं मावळलं. संघमित्रानं बाळ या कडेवरून त्या कडेवर घेतलं. “तवाच पाहाचं होतं मॅडम,” एवढंच बोलून ती गेली.

दुपारी प्राचीनं गीता मॅडमना फोन लावला. “सही आता माझ्या गळ्यात आहे, दोरीत ओवून.”



“मले माही सही रिटायर व्हाच्या दिवशी हाती भेटली,” गीता मॅडम म्हणाल्या. “ते पण जमा कराले.” मग त्यांनी विचारलं, “आता सांग. लेक कशी हाये?”

तुमच्याही जिल्ह्यात एखाद्या वरच्या खुर्चीवर बाई आली असेल. तुम्ही तिला हार घातला असेल, फोटो काढला असेल. एकदा कामाच्या वेळी जाऊन तिला बघून या. लेकराबाळांचं मागून विचारा.