आमेनपर्यंत

“आज मी म्हनतो प्रार्थना,” पुंजाजी म्हणाला.

खोलीतल्या सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. अकरा वर्षांत पुंजाजीनं चर्चच्या मंडळीत कधी तोंड उघडून प्रार्थना केली नव्हती. ओळीनं एकेक जण प्रार्थना करत यायचा, आणि पुंजाजीची पाळी आली की तो शेजारच्याला हळूच कोपर मारायचा, म्हणजे पुढे चला. आता तर त्याच्यात कोपर उचलायचंही बळ नव्हतं. डॉक्टरांनी चार दिवसांपूर्वीच घरी न्या म्हणून सांगितलं होतं, आणि सोनाळ्यातल्या त्या पत्र्याच्या खोलीत तो खाटेवर धापा टाकत पडून होता.

चिंतामण गुरुजींना त्याचं कौतुक वाटलं आणि थोडी काळजीही वाटली. याला शब्द तरी सापडतील का? संग्रामपूरहून जीपमध्ये चौदा माणसांत अंग चोरून गुरुजी आले होते, ते काही पुंजाजीचं अडखळणं ऐकायला नव्हे. चर्चचे पाळक महिन्यातून एकदा यायचे. बाकीचे दिवस आसपासच्या गावांतल्या ख्रिस्ती घरांची आजारपणं, लग्नं आणि मयती गुरुजींच्याच प्रार्थनेवर निभायच्या.

“तुमी तरास नका घेऊ, पुंजाजी,” ते म्हणाले. “तुमच्या वतीनं मी म्हनतो न.”

“मलेच म्हनू द्या, गुरुजी. जास्त नाई, दोनच शब्द हायेत.”

“देव सगळं जानते. बोलून उगाच दम लागन तुमाले.”

पुंजाजीची बायको शालूबाई उशाशी बसली होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, मग गुरुजींकडे. “म्हनू द्या न त्यायले,” ती हळू आवाजात म्हणाली. पण तोवर गुरुजींनी चष्मा काढून खिशात ठेवला होता आणि डोळे मिटले होते. त्यांनी डोळे मिटले की आमेन होईपर्यंत कोणी हलायचं नाही, बोलायचं नाही, ही त्यांनीच लावलेली शिस्त. मागे एकदा प्रार्थनेत विंचू निघाला तरी एक बाई जागची हलली नव्हती, हे ते मोठ्या अभिमानानं सांगत.

“हे सर्वसमर्थ, परमदयाळू स्वर्गीय पित्या…”

एरवी वऱ्हाडीत बोलणारे गुरुजी प्रार्थनेला लागले की भाषा इस्त्री करून घालत. पुंजाजीचं नाव, वय, गाव, तालुका, त्याला कोणत्या वारी भरती केलं आणि कोणत्या वारी सोडलं, हे सगळं त्यांनी देवाला रीतसर सांगितलं, जणू त्याला सोनाळ्याचा पत्ता सापडलाच नसता. मग देवाची थोरवी झाली. मग आम्ही किती पापी, आम्ही पायाखालची धूळ, हेही झालं, आणि तेही खणखणीत आवाजात. कुठे थांबायचं, कुठे सूर खाली आणायचा, हे त्यांच्या जिभेला चाळीस वर्षांत पाठ झालं होतं.

“या तुझ्या लेकराला या खाटेवरून उठव, पित्या. त्याच्या आयुष्याची दोरी वाढव…”

इथे पुंजाजीच्या मुलीचा, राखीचा, हुंदका ऐकू आला. गुरुजींना मनातून बरं वाटलं. प्रार्थना लागू पडत होती. पाठोपाठ शेजारच्या जयमालाबाई मुसमुसायला लागल्या, तसा त्यांनी आवाज चढवला. खरं तर ते आवरतं घेणार होते. पण त्या रडण्यानं त्यांना असा काही जोर चढला की त्यांनी घरासाठी मागितलं, मंडळीसाठी मागितलं, तालुक्यातल्या झाडून साऱ्या आजाऱ्यांसाठी मागितलं. इतकी चांगली प्रार्थना आपल्या तोंडून कित्येक दिवसांत निघाली नव्हती, असंही त्यांना मधेच वाटून गेलं.

“आमेन,” ते शेवटी म्हणाले.

मागून कोणाचंच आमेन आलं नाही. गुरुजींनी डोळे उघडले, चष्मा लावला. शालूबाईनं आत्ता कुठे हात पुढे केला होता. तिनं पुंजाजीचे उघडे राहिलेले डोळे मिटले आणि पदरानं त्याचं तोंड पुसलं.

“कवा?” गुरुजींना एवढंच विचारता आलं.

“तुमी उठव म्हनलं न, तवाच.”

“मंग मले सांगितलं काऊन नाई?”

“प्रार्थना चालू होती,” शालूबाई म्हणाली.

राखी आता मोकळी रडत होती. जयमालाबाईंनी डोक्यावर पदर ओढला आणि मान खाली घातली. गुरुजी आता मयताची प्रार्थना म्हणतील म्हणून त्या थांबल्या होत्या. गुरुजी खुर्चीवरून उतरून खाली जमिनीवर गुडघ्यांवर आले. ‘हे सर्वसमर्थ’ जिभेवर आलं होतं, पण ते म्हणायची त्यांना लाज वाटली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना पुढचा शब्द सुचत नव्हता. दोन शब्द मागितले होते त्या माणसानं. आणि गावाला पुरेल एवढा आवाज घेऊन आपण त्याच्या छातीवर बसून राहिलो.

“शालूबाई,” त्यांनी मान वर न करता विचारलं, “काय म्हनायचं होतं त्यायले?”

तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते ऐकणं जास्तच अवघड गेलं.

“ओठ हालून राह्यले होते त्यायचे. मी कान नेला तोंडापाशी. देवाले आयकू गेलं असन, गुरुजी. मले नाई आलं. तुमचा आवाज मोठा होता.”